जेलन ब्रन्सनने ११ कोटी डॉलर सोडले, हे कितपत खरे?

अर्धे_मैदान (धागाकर्ता)

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या न्यूयॉर्क निक्स संघाचा कर्णधार जेलन ब्रन्सन याचा नवा करार लागू झाला. त्यावर सही झाली होती जुलै २०२४ मध्ये. करार चार वर्षांचा असून एकूण रक्कम १५ कोटी ६५ लाख डॉलर आहे. तो आणखी एक वर्ष थांबून २०२५ च्या उन्हाळ्यात मुक्त खेळाडू (म्हणजे करार संपून कोणत्याही संघाशी बोलायला मोकळा) झाला असता, तर निक्सना त्याला पाच वर्षांसाठी २६ कोटी ९१ लाख डॉलर देता आले असते. या दोन आकड्यांची वजाबाकी करून ‘ब्रन्सनने संघासाठी ११ कोटींवर पाणी सोडले’ असे सर्रास म्हटले जाते, आणि इथल्या निक्सप्रेमी मंडळींनीही ते अनेकदा लिहिले आहे. मला ब्रन्सन आवडतो, पण ही वजाबाकी मला मान्य नाही.

चार वर्षांची रक्कम पाच वर्षांच्या रकमेतून वजा केली तर पाचव्या वर्षी तो खेळाडू फुकट खेळणार आहे, असे गृहीत धरावे लागते. शिवाय १५ कोटी ६५ लाख हा आकडा घासाघीस करून कमी केलेला नव्हता. चालू करार वाढवून घेणाऱ्या खेळाडूला पहिल्या वर्षी आधीच्या पगाराच्या जास्तीत जास्त १४० टक्के आणि पुढे दरवर्षी त्या पहिल्या पगाराच्या ८ टक्के इतकी वाढ मिळते. ब्रन्सनचा २०२४-२५ चा पगार २ कोटी ४९ लाख ६० हजार डॉलर होता. त्याचे १४० टक्के म्हणजे ३ कोटी ४९ लाख ४० हजार, आणि त्यावर चार वर्षांची वाढ धरली की बरोबर १५ कोटी ६५ लाख होतात. सही केली त्या दिवशी निक्स नियमाने जितके देऊ शकत होते, तितके सगळे त्याने घेतले होते.

थांबला असता तर हिशेब वेगळा झाला असता, हे खरेच आहे. सात ते नऊ वर्षे खेळलेल्या खेळाडूला सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगारासाठी ठरलेल्या मर्यादेच्या, ३० टक्क्यांपर्यंत पगार देता येतो. २०२५-२६ साठी ती मर्यादा १५ कोटी ४६ लाख आहे, म्हणजे त्याचा पहिला पगार ४ कोटी ६४ लाख झाला असता. पहिल्या तीन वर्षांची तुलना केली, तर थांबण्याच्या वाटेवर १५ कोटी ३ लाख आणि सही केलेल्या वाटेवर ११ कोटी ३२ लाख मिळतात. फरक ३ कोटी ७१ लाखांचा आहे.

तीनच वर्षे मोजण्याचे कारण असे, की चौथे वर्ष स्वीकारायचे की नाही हे ब्रन्सनच्या हातात आहे. तो २०१८ च्या ड्राफ्टमधला (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीतला) खेळाडू असल्यामुळे २०२८ च्या उन्हाळ्यात त्याची दहा वर्षे पूर्ण होतील आणि त्याला ३० ऐवजी ३५ टक्क्यांचा हक्क मिळेल. कॅप दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढेल असे समजा (हे माझे गृहीतक आहे, लीगचे नव्हे, एका वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ होऊ शकत नाही, एवढाच नियम आहे). तर २०२८-२९ मध्ये त्याचा पगार ६ कोटी ६३ लाखांच्या आसपास जाईल, जो दुसऱ्या वाटेवर ५ कोटी ७५ लाख असता. त्यापुढच्या वर्षी ७ कोटी १६ लाख विरुद्ध ६ कोटी १२ लाख. पाच वर्षांची बेरीज केली तर एकूण फरक १ कोटी ८० लाखांवर येतो. ही रक्कम लहान नाही, पण ११ कोटींच्या गोष्टीशी तिचा फारसा संबंध उरत नाही.

उलट मला तर वाटते, की हा करार ब्रन्सनपेक्षा निक्सच्या कामाचा जास्त ठरला आणि त्याची खरी किंमत उरलेल्या चौदा खेळाडूंच्या पगारांत शोधावी लागेल. मंडळींचे मत काय?

डॅलसनिष्ठ

अर्धे_मैदान, आपला हिशेब मी दोनदा तपासला आणि आकडेमोडीत चूक सापडली नाही. पण ब्रन्सनच्या कराराची गोष्ट २०२४ पासून सुरू करणे म्हणजे महाभारत उद्योगपर्वापासून वाचण्यासारखे आहे. ब्रन्सनचा आधीचा संघ म्हणजे आमचा डॅलस, आणि आमच्या जखमेची सुरुवात २०२१ च्या शरद ऋतूत झाली.

ब्रन्सनला डॅलसने दुसऱ्या फेरीत ३३ व्या क्रमांकावर घेतले होते, आणि चार वर्षांत मिळून त्याचा पगार साठ लाख डॉलरांच्या थोडासाच वर होता. तेव्हाच्या नियमांनुसार अशा खेळाडूचा करार वाढवायचा, तर लीगच्या सरासरी पगाराच्या १२० टक्क्यांपासून सुरुवात करता येत असे, म्हणजे चार वर्षांसाठी जास्तीत जास्त ५ कोटी ५५ लाख. त्या वेळच्या बातम्यांनुसार हंगामाच्या सुरुवातीला ब्रन्सन ही रक्कम घ्यायला तयार होता आणि डॅलसनेच हात आखडता घेतला. मोठी वाढ देऊन करार केला की सहा महिने त्या खेळाडूची अदलाबदल करता येत नाही, त्यामुळे अदलाबदलीच्या फेब्रुवारीतल्या मुदतीपर्यंत तो पर्याय हातचा जाऊ नये असा विचार असावा. पुढे संघ द्यायला तयार झाला, तोवर ब्रन्सनने नकार दिला होता. गंमत अशी की ती मुदत उलटून जाताच, फेब्रुवारी २०२२ मध्ये, जवळजवळ त्याच रकमेचा चार वर्षांचा करार डॅलसने डोरियन फिनी-स्मिथशी केला.

त्यानंतर आले युटाविरुद्धचे प्लेऑफ. आमचा मुख्य तारा लुका डॉन्चिच पहिले तीन सामने जायबंदी होता. ब्रन्सनने दुसऱ्या सामन्यात ४१ आणि तिसऱ्यात ३१ गुण केले, दोन्ही सामने आम्ही जिंकले, आणि २०११ च्या विजेतेपदानंतर पहिल्यांदा डॅलसने प्लेऑफची एक फेरी पार केली. दोन महिन्यांनी तो निक्सकडे गेला, चार वर्षांसाठी १० कोटी ४० लाखांवर. त्या वेळी सहा फूट दोन इंच उंचीच्या आणि बचावात लपवावा लागणाऱ्या गार्डला इतके पैसे कशाला, असे लिहिणाऱ्यांत मीही होतो. तो प्रतिसाद मी खोडलेला नाही. कोणाला हवा असेल तर शोधावा.

पहाटेचा_प्रेक्षक

मी मुंबईत पहाटे पाच-सहाला उठून निक्सचे सामने पाहतो, पण नियमांत कच्चा आहे. एक शंका आहे. आयपीएलच्या २०२५ च्या मोठ्या लिलावात ऋषभ पंतसाठी दिल्लीने राइट टू मॅच (दुसऱ्याच्या बोलीची बरोबरी करून आपला खेळाडू परत घेण्याचा हक्क) वापरले होते. लखनऊने बोली २७ कोटी रुपयांवर नेल्यावर दिल्लीने माघार घेतली, पण निदान संधी तरी मिळाली. डॅलसला अशी संधी का मिळाली नाही?

अर्धे_मैदान

आपली तुलना अगदी योग्य जागी आहे, कारण एनबीएमध्येही तशी सोय आहे, मात्र ती सर्वांसाठी नाही. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा चार वर्षांचा पहिला करार संपला की जुना संघ त्याला बंधित मुक्त खेळाडू ठेवू शकतो. दुसऱ्या संघाने दिलेल्या प्रस्तावाची बरोबरी केली की खेळाडू जुन्याच संघात राहतो. दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूशी मात्र संघ स्वतःच्या इच्छेने कितीही कमी वर्षांचा करार करू शकतो. तीन वर्षांचा केला, तर शेवटी तो बंधित राहतो. चार वर्षांचा केला, तर चौथे वर्ष स्वस्तात मिळते, पण नंतर तो पूर्ण मोकळा होतो. डॅलसने २०१८ मध्ये चार वर्षांचा करार केला. त्या दिवशी तो शहाणपणाचाच दिसला असणार, कारण ३३ व्या क्रमांकाच्या खेळाडूसाठी चौथ्या वर्षी कोणी भांडेल असे कोणाला वाटले असते?

डॅलसकडे बर्ड हक्क होते, म्हणजे कॅप ओलांडून स्वतःच्या खेळाडूला कमाल पगारापर्यंत देण्याची मुभा आणि इतरांपेक्षा एक वर्ष जास्त. पैसे कमी पडले नव्हते. पण तो गेल्यावर त्याच्या पगाराची जागा रिकामी झाली असे होत नाही, कारण संघ आधीच कॅपच्या वर होता. खेळाडू गेला आणि बदल्यात काहीच आले नाही. पुढच्या हंगामात डॅलसने ३८ सामने जिंकले, ४४ हरले आणि प्लेऑफही गाठले नाहीत.

हडसनपलीकडे

मी न्यू जर्सीत राहतो आणि लोकांच्या करांचे हिशेब करणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे, तेव्हा दोन गोष्टी मांडतो.

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. न्यूयॉर्क राज्यात ५० लाख डॉलरांच्या वरच्या उत्पन्नावर दर दहा टक्क्यांच्या पुढे जातो, आणि शहराच्या हद्दीत राहिल्यास शहराचा कर वेगळा. खेळाडू बाहेरगावी जितके सामने खेळतो त्या प्रमाणात त्या त्या राज्यांनाही कर द्यावा लागतो, त्यामुळे फरक वाटतो तितका सरळ नसतो, पण निम्मे सामने घरच्या मैदानावर असल्यामुळे तो मोठाच राहतो. थोडक्यात, २०२२ मध्ये डॅलसने समजा तेवढेच डॉलर दिले असते, तरी हातात पडणारी रक्कम डॅलसमध्ये जास्त असती. म्हणजे तेव्हाच त्याने फक्त पैसा पाहिला नव्हता.

मग काय पाहिले? निक्सचे अध्यक्ष लिऑन रोझ हे पूर्वी ब्रन्सनच्या वडिलांचे एजंट होते. रोझ यांचा मुलगा जेलनचा एजंट. वडील रिक ब्रन्सन यांना निक्सने जून २०२२ मध्ये, खुली बोलणी सुरू होण्याच्या आधीच, सहायक प्रशिक्षक नेमले. ड्राफ्टच्या सुमारास केम्बा वॉकर, अलेक बर्क्स आणि नर्लेन्स नोएल यांचे पगार डेट्रॉइटकडे वळवून जागा रिकामी करण्यात आली. ठरलेल्या वेळेआधी बोलणी केल्याबद्दल लीगने डिसेंबर २०२२ मध्ये निक्सची २०२५ च्या ड्राफ्टमधली दुसऱ्या फेरीची निवड काढून घेतली. ज्या खेळाडूने २५ वर्षांनी संघाला पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत नेले, त्याच्यासाठी एवढा दंड कोणीही आनंदाने भरेल. माझा मुद्दा असा की हे लग्न आधीच जुळलेले होते आणि बाजारभाव त्यात नावापुरता होता. अशा करारावरून खेळाडूंच्या किमतीबद्दल सर्वसाधारण निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते.

सहावा_खेळाडू

हडसनपलीकडे यांचा पहिला मुद्दा मान्य, दुसरा अर्धाच मान्य. घरोबा असला तरी आकडा बाजारानेच ठरवला, आणि त्या आकड्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. ब्रन्सनचा पहिला निक्स करार उतरत्या पगाराचा होता. पहिल्या वर्षी २ कोटी ७७ लाख, दुसऱ्या वर्षी २ कोटी ६३ लाख, नंतर २ कोटी ५० लाखांच्या किंचित खाली. त्याच काळात कॅप वाढत गेला. पहिल्या वर्षी त्याचा पगार कॅपच्या सुमारे २२ टक्के होता, तिसऱ्या वर्षी १८ टक्क्यांच्याही खाली आला. आणि खेळ कुठे गेला? डॅलसमधल्या शेवटच्या हंगामात सामन्यामागे १६.३ गुण, निक्सकडे पहिल्या वर्षी २४, दुसऱ्या वर्षी २८.७. महाग वाटलेला करार दोन वर्षांत लीगमधल्या सर्वांत स्वस्त करारांपैकी एक ठरला.

(याचा तोटाही त्यालाच झाला, हे कोणी लिहिले नाही. १४० टक्क्यांचा नियम शेवटच्या पगारावर चालतो. पगार उतरता न ठेवता चढता ठेवला असता, तर २०२४ मध्ये वाढीव करारही मोठा झाला असता.)

आता मूळ प्रश्न. अर्धे_मैदान म्हणतात त्याप्रमाणे किंमत इतरांच्या पगारात शोधली, तर २०२५-२६ चा फरक १ कोटी १४ लाखांचा आहे. लीगने खेळाडू संघटनेशी झालेल्या २०२३ च्या करारानंतर खर्चावर दुसरा एप्रन नावाची वरची रेषा आखली, जी २०२५-२६ मध्ये २० कोटी ७८ लाखांवर होती. ती ओलांडणाऱ्या संघाला मिड-लेव्हलची (कॅपच्या वर असतानाही मध्यम पगारावर बाहेरचा खेळाडू घेण्याची) सवलत मिळत नाही, दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही आणि सात वर्षांपुढची पहिल्या फेरीची निवड गोठते. २०२५ च्या उन्हाळ्यात निक्सकडे कार्ल-अँथनी टाउन्स, ओजी अनुनोबी, मिकाल ब्रिजेस आणि जॉश हार्ट असे चार मोठे पगार होते. तरीही त्यांनी मिड-लेव्हल वापरून गेर्शोन याबुसेले याला आणले आणि रेषेच्या जेमतेम खाली राहिले. ब्रन्सन ४ कोटी ६४ लाखांवर असता, तर याबुसेले तर नाहीच, शिवाय वरच्या चारांपैकी एखाद्याची पाठवणी करावी लागली असती.

डॅलसनिष्ठ

इथे माझ्या संघाचा आणखी एक अनुभव नोंदवतो, कारण सवलतीत खेळलेला तारा म्हणजे यश, असे समीकरण कोणी मांडू नये. २०१४ मध्ये डर्क नोविट्झकीने कमाल पगार मिळत असताना तीन वर्षांसाठी फक्त २ कोटी ५० लाख घेतले. त्यातून जी जागा झाली ती चँडलर पार्सन्सला तीन वर्षांसाठी ४ कोटी ६० लाख देण्यात गेली. पार्सन्सचा गुडघा दुखावला, दोन वर्षांत तो निघून गेला आणि डर्कच्या औदार्याचे चीज झाले नाही. सवलत खेळाडू देतो, पण ती कुठे खर्च करायची हे कार्यालयातले लोक ठरवतात. निक्सनी ब्रिजेससाठी ब्रुकलिनला पहिल्या फेरीच्या पाच निवडी दिल्या आहेत. त्याचा हिशेब व्हायला अजून काही वर्षे जावी लागतील.

पहाटेचा_प्रेक्षक

पण मग हे पैसे शेवटी वाचले कोणाचे? ब्रन्सनने कमी घेतल्यावर मालकाचाच खिसा भरला ना? खेळाडूंच्या संघटनेला हे कसे चालते?

सहावा_खेळाडू

चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर थोडे अनपेक्षित आहे. लीगच्या बास्केटबॉलपासूनच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा सर्व खेळाडूंना मिळून मिळणार, हे करारातच ठरलेले आहे. दरवर्षी खेळाडूंच्या पगारातून काही भाग राखून ठेवतात आणि वर्षअखेरीस वाटा जास्त झाला तर तो मालकांकडे जातो, कमी पडला तर फरक खेळाडूंना मिळतो. त्यामुळे संपूर्ण लीगचा विचार केला, तर एकाने कमी घेतल्याने मालकांचा एकूण वाटा वाढत नाही. ते पैसे इतर खेळाडूंमध्ये पसरतात. निक्सच्या मालकाचा लक्झरी टॅक्स (ठरलेल्या रेषेपुढच्या पगारांवर संघाने लीगला भरायचा कर) मात्र वाचतो, आणि तो टॅक्स पगाराच्या कित्येक पट असू शकतो. म्हणजे आपला संशय एका संघापुरता खरा आहे, लीगपुरता नाही.

हडसनपलीकडे

अर्धे_मैदान यांच्या १ कोटी ८० लाखांकडे परत येतो, कारण तो आकडा मला फार आशावादी वाटतो. २०२८ मध्ये ब्रन्सन ३२ वर्षांचा होत असेल. सहा फूट दोन इंचांचा, अंगावर धक्के घेत खेळणारा गार्ड. मे २०२४ मध्ये इंडियानाविरुद्धच्या सातव्या सामन्यात त्याचा डावा हात मोडला, मार्च २०२५ मध्ये घोटा मुरगळून तो महिनाभर बाहेर होता. अशा खेळाडूला ३२ व्या वर्षी ३५ टक्के कोण देईल? दुसऱ्या एप्रनच्या काळात तर मालक कमाल पगाराला घाबरू लागले आहेत. त्याने चौथे वर्ष तसेच खेळायचे ठरवले, तर त्या वर्षी त्याला ४ कोटी ३३ लाख मिळतील, आणि चार वर्षांचा फरक ५ कोटी १३ लाख होईल. पाचव्या वर्षी काय मिळेल ते वेगळेच. म्हणजे त्याग होता का, तर होता. तो किती मोठा, हे २०२८ मधल्या त्याच्या पायांवर ठरेल.

अर्धे_मैदान

हडसनपलीकडे, आपले म्हणणे मान्य करतो. १ कोटी ८० लाख हा आकडा सगळे सुरळीत झाले तरचा आहे, हे मी पहिल्याच प्रतिसादात ठळकपणे लिहायला हवे होते. मात्र आपण जे वय आणि दुखापती सांगता, त्याच कारणाने जुलै २०२४ मधली सही मला अधिक समजते. हात मोडून दोन महिनेच झाले होते. त्याच्या हाती एका वर्षाचे २ कोटी ५० लाख आणि आणखी तेवढ्याच रकमेचे एक ऐच्छिक वर्ष एवढेच पक्के होते. थांबायचे म्हणजे सबंध हंगाम त्या बळावर खेळायचे आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही होऊ नये अशी प्रार्थना करायची. त्याऐवजी त्याने १५ कोटी ६५ लाखांची हमी घेतली. ज्या माणसाला २०२१ मध्ये ५ कोटी ५५ लाखही वेळेवर मिळाले नाहीत, त्याने समोर आलेली कमाल रक्कम लगेच घेतली, यात मला औदार्याइतकीच सावधगिरी दिसते.

डॅलसनिष्ठ यांना एक विचारायचे राहिले. ब्रन्सन गेला नसता तर फेब्रुवारी २०२३ मध्ये कायरी अर्व्हिंग आला नसता आणि २०२४ ची अंतिम फेरीही झाली नसती, असे डॅलसचे काही चाहते म्हणतात. आपले मत?

डॅलसनिष्ठ

अर्व्हिंगसाठी आम्ही फिनी-स्मिथ, डिनविडी आणि २०२९ ची पहिल्या फेरीची निवड दिली. ब्रन्सन टिकला असता तर यातले काहीच द्यावे लागले नसते. अंतिम फेरीत आम्ही बोस्टनकडून ४-१ ने हरलो, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉन्चिचही लॉस एंजेलिसला गेला. ब्रन्सन आणि डॉन्चिच यांना एकत्र पाहायला मिळालेली चार वर्षे आता यूट्यूबवर आहेत, आणि युटाविरुद्धचा दुसरा सामना मी अजूनही अधूनमधून लावतो.